थाप कशी ऐकावी : आघातवाद्यांची आणि आघाताच्या नादाची ओळख, नवशिक्यांसाठी

तालवाद्य शिकू इच्छिणाऱ्या बहुतेकांचा सुरुवातीचा समज असा असतो की वाजवणे म्हणजे मारणे आणि ज्याचा हात जड तो वादक मोठा. वस्तुतः आघाताचा नाद दोन गोष्टींवर ठरतो. थाप कशावर आणि नेमकी कुठे पडली, ही पहिली गोष्ट. थाप पडल्यानंतर हात तिथे किती वेळ राहिला, ही दुसरी. पहिली गोष्ट कोणीही पाहून उचलतो, दुसरीकडे मात्र महिनोन्‌महिने लक्ष जात नाही आणि तोवर हाताला चुकीचे वळण लागलेले असते. हात केव्हा उचलायचा आणि केव्हा टेकलेला ठेवायचा, ही जाण तबलजीला लागते, टाळकऱ्याला लागते, रुग्णाची छाती बोटाने ठोकून पाहणाऱ्या डॉक्टरला लागते आणि नव्या फरशीवर दांडके आपटत फिरणाऱ्या गवंड्यालाही लागते. म्हणून या लेखात वाद्याआधी कानाची तयारी घेतली आहे, मग वाद्ये, बोल आणि ताल, आणि शेवटी संगीताबाहेरचे उपयोग. क्रम शक्यतो मोडू नये. घरी तबला नसला तरी पहिल्या चार पायऱ्यांतील बरेच काही करता येते.

पहिली पायरी : घरातील भांडी वाजवून कान तयार करणे

एक स्टीलचा किंवा पितळेचा तांब्या घ्यावा. तो पाच बोटांच्या टोकांवर तोलून धरावा आणि पेन्सिलीने त्याच्या काठावर हलका टोला द्यावा. नाद बराच वेळ रेंगाळतो. आता तोच तांब्या तळहाताने पोटाशी घट्ट धरून तसाच टोला द्यावा. टोला तेवढाच असूनही नाद तत्काळ विरतो. तिसऱ्या वेळी तांब्या पुन्हा बोटांवर तोलावा, परंतु टोला दिल्यावर पेन्सिल उचलू नये, काठाला लावूनच ठेवावी. आता येणारा आवाज आधीच्या दोहोंपेक्षा वेगळा असतो : सुरुवात खणखणीत, पण लगेच गुदमरलेली. तालवाद्यांच्या भाषेत ज्यांना खुला आणि बंद बोल (आघाताला दिलेले अक्षर तो बोल) म्हणतात, ते या दोन-तीन आवाजांत आलेच.

दुसरा प्रयोग काचेच्या पेल्याचा. रिकाम्या पेल्याच्या काठावर चमच्याने टोला द्यावा, मग थोडे थोडे पाणी ओतत प्रत्येक वेळी तसाच टोला द्यावा. पाणी वाढते तसा स्वर खाली उतरतो, कारण काचेला आता पाण्याचे वजनही हलवावे लागते. चिनी मातीच्या भांड्यांत कमी-अधिक पाणी घालून जलतरंग स्वरात मिळवतात तो याच तत्त्वावर. वजन वाढले की स्वर उतरतो आणि ताण वाढला की चढतो, एवढे ध्यानात ठेवले तर पुढे वाद्य मिळवताना गोंधळ होत नाही.

तिसरा प्रयोग बाजारात करावा. कुंभाराकडून माठ घेताना जाणते गिऱ्हाईक तो एका हातावर तोलून दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाजवून पाहते. नीट भाजलेला, अखंड माठ खणखणतो; बारीक चीर गेलेला माठ बद्द वाजतो. चिरेच्या दोन्ही कडा कंपनाबरोबर एकमेकींवर घासतात आणि नादाची शक्ती तिथेच संपते, हे त्याचे कारण. डोळ्याला न दिसणारी चीर कानाला कळते, याचा अनुभव एकदा घेतला की पुढच्या पायऱ्यांवर अधिक समजावून सांगण्याची गरज उरत नाही.

या काळात एक वही ठेवावी आणि ऐकलेला प्रत्येक आवाज आपल्याला जसा वाटेल तशा अक्षरांत लिहावा. टण, ठक, खण, धम, बद्द, दण अशी अक्षरे मराठीत भरपूर आहेत आणि ती निष्काळजीपणे वापरली जात नाहीत. ‘टण’ लिहिलेला आवाज आणि ‘ठक’ लिहिलेला आवाज यांत नाद रेंगाळण्याचाच फरक असतो. तबल्याचे बोल हे याच सवयीचे शास्त्रशुद्ध रूप आहे.

दुसरी पायरी : वाद्ये कशी बनली आहेत हे पाहणे

भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे तत, सुषिर, घन आणि अवनद्ध असे चार वर्ग केले आहेत. तारांची वाद्ये तत, फुंकेची सुषिर, धातू-लाकडासारख्या टणक पदार्थांची घन आणि चामड्याने मढवलेली अवनद्ध. आघाताने वाजणारी वाद्ये प्रामुख्याने शेवटच्या दोन वर्गांत येतात. मात्र ही विभागणी नाद कशातून निघतो यावर केलेली आहे, तो कसा काढला यावर नव्हे. त्यामुळे संतूर लाकडी कलमांनी वाजवतात तरी ते तंतुवाद्यच आणि पियानोत तारांवर हातोड्या पडतात तरी त्याला कोणी तालवाद्य म्हणत नाही. नवशिक्याने या वर्गीकरणावर फार वेळ घालवू नये.

महाराष्ट्रात घन वाद्यांची उदाहरणे शोधावी लागत नाहीत : टाळ, झांज, चिपळ्या, देवळातील घंटा. टाळ दिसायला सर्वांत सोपा, परंतु भजनात बसून पाहिले तर लक्षात येते की चांगला टाळकरी दोन्ही वाट्या दर वेळी मोकळ्या सोडत नाही. काठाला काठ लागून वाट्या लगेच दूर झाल्या तर नाद घुमतो. त्या एकमेकींवर दाबून धरल्या तर नुसता ‘चप्प’ असा ठोका मिळतो. खुला आणि बंद यांची आलटापालट हाच टाळाचा ठेका, आणि शेकडो टाळकरी एका वेळी वाट्या दाबतात तेव्हा दिंडीतील ती क्षणभराची शांतता एखाद्या टोल्याइतकीच ठसठशीत वाटते.

अवनद्ध वाद्यांकडे मात्र थोडे थांबून पाहिले पाहिजे. चामड्याच्या दोन अडचणी आहेत. हवेतील ओलाव्याने ते सैल पडते, ही पहिली. दुसरी अधिक खोल आहे : गोल, एकसारख्या चामड्यावर थाप मारली असता त्यातून एकाच वेळी अनेक कंपने निघतात आणि त्यांचा परस्परांशी असलेला मेळ स्वरासारखा नसतो. तारेची उपकंपने मूळ कंपनाच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशी सुबक पटीत असतात. साध्या गोल चामड्याची मात्र साधारण १.५९, २.१४, २.३० अशी अडनिड्या पटीत येतात. म्हणून ढोलातून ‘धम’ ऐकू येते, पण त्याचा षड्ज, म्हणजे ‘सा’, सांगता येत नाही.

या अडचणींवर वादकांनी आणि कारागिरांनी वेगवेगळे उपाय शोधले. हलगीवाला वाजवण्याआधी हलगी जाळावर शेकतो, त्यामुळे ओलावा जाऊन चामडे ताणले जाते. पखवाजाच्या डाव्या तोंडावर वाजवण्याच्या वेळी कणकेचा गोळा थापतात. वजन वाढल्याने स्वर खाली उतरतो, पेल्यातील पाण्याचाच हा प्रकार. तबल्यावर आणि पखवाजाच्या उजव्या तोंडावर कायमची काळी शाई असते. लोखंडाची बारीक पूड आणि खळ यांचे मिश्रण पातळ थरांत लावून, प्रत्येक थर गुळगुळीत दगडाने घोटत ती चढवतात. घोटण्याने तिच्यात अतिसूक्ष्म भेगा पडतात, त्यामुळे ती जाड असूनही ताठर होत नाही आणि चामड्याबरोबर हलत राहते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आणि पुढे १९३४ मध्ये अधिक विस्ताराने हे दाखवून दिले की शाईच्या भारामुळे या वाद्यांची उपकंपने तारेसारख्या पटीत येतात. तबल्याला सूर का असतो, याचे हे उत्तर आहे. आणि प्रयोगशाळा नसताना कारागिरांनी ते केवळ कानाने गाठले, ही गोष्ट मला रामन यांच्या सिद्धतेइतकीच विलक्षण वाटते.

बाकीच्या वाद्यांची धावती ओळख पुरेशी आहे. गोंधळात कमरेला बांधलेले संबळ हे दोन तोंडांचे जोडवाद्य काठ्यांनी वाजते आणि त्यांतील एका काठीचे टोक वाकडे असते. तमाशात ढोलकी, पोवाड्यात डफ, मिरवणुकीत ढोल आणि ताशा. गोव्यातील घुमट हे मातीच्या मडक्याचे वाद्य असून त्याचे रुंद तोंड चामड्याने मढवलेले आणि अरुंद तोंड उघडे असते. वादक एका हाताने थाप देतो आणि दुसऱ्या हाताने ते उघडे तोंड झाकत-उघडत नाद बदलतो. पूर्वी घुमटाला घोरपडीचे कातडे लावत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार घोरपड संरक्षित असल्यामुळे आता शेळी-बकऱ्याचे चामडे वापरतात. जुने घुमट हौसेने विकत घेणाऱ्याने ही बाब आधी तपासावी.

तिसरी पायरी : बोल आधी तोंडाने, मग हाताने

तबला-डग्ग्याची जोडी समोर आली की प्रथम तिचे भाग ओळखावेत. उजव्या लाकडी वाद्याच्या पुडीवर, म्हणजे तोंडावर मढवलेल्या चामड्यावर, बाहेरची पट्टी ती चाट, मधला काळा गोल ती शाई आणि या दोहोंमधली मोकळी जागा म्हणजे मैदान, ज्याला लव असेही म्हणतात. पुडीच्या कडेने विणलेला गजरा, त्यातून खाली जाणारी चामड्याची वादी, वादीखाली अडकवलेले लाकडी गठ्ठे आणि बुडाशी बसण्यासाठी चुंबळ. डाव्या हाताचा डग्गा धातूचा असतो आणि त्याची शाई मध्यभागी नसून एका बाजूला असते, जेणेकरून मनगट टेकवायला जागा मिळावी.

सुरुवातीला पाच-सहा बोल पुरतात. ‘ना’ काढताना अनामिका शाईच्या कडेला हलकी टेकलेली असते आणि तर्जनी चाटेवर पडून तत्काळ उठते. टेकलेल्या अनामिकेमुळे पुडीचे सर्वांत खालचे कंपन दबते आणि वरचा स्वच्छ स्वर मोकळा होतो. म्हणजे एकाच हाताचे एक बोट नाद आवरते आणि दुसरे तो सोडते. ‘तिं’ मध्ये अनामिका तिथेच राहते, तर्जनी मात्र चाट सोडून आत शाईच्या कडेजवळ पडते. ‘ति’ हा बंद बोल असून मधली बोटे शाईच्या मध्यावर पडतात आणि तिथेच राहतात. डाव्या हाताने ‘घे’ काढताना मनगट डग्ग्यावर टेकलेले असते, बोटांची टोके वरून पडून उठतात आणि नाद घुमतो. ‘क’ मध्ये सपाट पंजा पडून राहतो. ‘ना’ आणि ‘घे’ एकत्र आले की ‘धा’, ‘तिं’ आणि ‘घे’ एकत्र आले की ‘धिं’. घराण्यांनुसार बोटांच्या जागा आणि अक्षरे थोडी बदलतात, त्यामुळे आपले गुरुजी सांगतील ते प्रमाण मानावे आणि दोन शिक्षकांच्या पद्धती पहिल्या वर्षी एकत्र करू नयेत.

वाजवण्याआधी बोल तोंडाने म्हणणे, म्हणजेच पढंत, ही टाळता न येणारी गोष्ट आहे. जो बोल जिभेवर अडखळतो तो बोटांवरही अडखळतो. म्हणताना खुले बोल लांबवून आणि बंद बोल तोडून म्हणावेत. ‘धिं’ चा अनुस्वार घुमला पाहिजे, ‘ति’ झटकन तुटला पाहिजे. रोज पंधरा-वीस मिनिटे पढंत आणि तेवढाच वेळ हात, इतका रियाझ पहिल्या काही महिन्यांत पुष्कळ झाला. नखे कापलेली असावीत, मांडी घालून पाठ सरळ ठेवावी आणि मनगट किंवा दंड दुखू लागल्यास थांबावे. दुखत असूनही रेटणे हा मर्दपणा नाही. हात ताठर होतो आणि ताठर हात वेळेवर उचलला जात नाही.

चौथी पायरी : ठेका ऐकणे आणि काल ओळखणे

त्रितालाच्या १६ मात्रा, म्हणजे समान अंतरावरचे ठोके, चार-चारच्या चार विभागांत मांडल्या जातात :

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

पहिल्या मात्रेवर सम, म्हणजे तालाच्या फेरीची (आवर्तनाची) सुरुवात, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी आणि नवव्या मात्रेवर काल, म्हणजे रिकामी सोडलेली जागा. हाताने ताल धरताना सम-टाळीवर टाळी वाजवतात आणि कालावर हात बाजूला नेतात. मात्रा बोटांवर मोजणे हे प्रत्येक नवशिक्या करतो, पण मैफलीत बसल्यावर ते निरुपयोगी ठरते, कारण एकदा मोजणी चुकली की पुन्हा शिरायला दार सापडत नाही. त्याऐवजी डग्गा ऐकावा. वरील बोल नीट पाहिले तर दिसेल की दहाव्या मात्रेपासून तेराव्या मात्रेपर्यंत ‘घे’ चा घुमारा कुठेच नाही. तो नवव्या मात्रेच्या ‘धा’ मध्ये शेवटचा ऐकू येतो आणि चौदाव्या मात्रेच्या ‘धिं’ मध्ये परत येतो. म्हणजे हाताने काल नवव्या मात्रेवर दाखवला तरी कानाला तो एक मात्रा उशिरा जाणवतो. खर्जाचा आधार काढून घेतल्यासारखा हा भाग ओळखता आला की डग्गा परतल्यावर तिसऱ्या मात्रेनंतर सम येणार, हे न मोजता कळते. कोणतेही मध्यलयीतील ध्वनिमुद्रण लावून फक्त एवढेच शोधावे. आठवडाभर दुसरे काही केले नाही तरी चालेल.

त्यानंतर ६ मात्रांचा दादरा (धा धिं ना । धा तिं ना) आणि ८ मात्रांचा केरवा घ्यावा, मग १० मात्रांचा झपताल. ७ मात्रांचा रूपक मुद्दाम थोडा उशिरा घ्यावा, कारण त्याच्या पहिल्याच मात्रेवर काल असतो : तिं तिं ना । धी ना । धी ना. भरलेल्या आवाजावर सम शोधायची सवय झालेल्या कानाला इथे उलटे ऐकावे लागते. दुगुन, चौगुन म्हणजे दुप्पट, चौपट लयीची घाई नको. मोबाइलवरील लेहऱ्याचे (तालाच्या मापाची सुरावट फिरून फिरून वाजवणारे) अॅप सोबतीला घेण्यास हरकत नाही, मात्र मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत ठेका दहा आवर्तने स्थिर राहत नसेल तर लय वाढवून काहीही साधत नाही. उलट ६० पेक्षाही संथ लयीत वाजवून पाहावे, म्हणजे दोन मात्रांमधला अवकाश पेलणे किती अवघड असते ते कळेल. गोव्याचे खाप्रूमामा पर्वतकर यांना ‘लयभास्कर’ म्हणत. हातापायांनी एकाच वेळी वेगवेगळ्या लयी धरून दाखवण्याबद्दल त्यांची ख्याती होती. ती ख्याती ऐकून कोणी एकदम तसले काही करायला जाऊ नये, पण लय ही बोटांत नसून अंगात असते, एवढे त्यावरून घ्यावे.

परीक्षांचा मार्ग ज्यांना हवा आहे त्यांच्यासाठी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा चढत्या परीक्षा तबला आणि पखवाज यांसाठीही असतात. परीक्षेमुळे अभ्यासाला शिस्त येते, हे खरे. परंतु अनेक विद्यार्थी पाठ केलेले कायदे-पलटे (बांधीव बोलरचना आणि त्यांचे विस्तार) उत्तम वाजवतात आणि भजनाला साधा ठेका धरायला बसवले की गडबडतात. त्यामुळे महिन्यातून एकदा तरी कोणाच्या तरी गाण्याला, मग ते शेजारच्या भजनी मंडळाचे का असेना, साथ करावी.

पाचवी पायरी : वाद्य निवडणे, मिळवणे, जपणे

पहिला तबला शिक्षकांना किंवा जाणत्या वादकाला बरोबर घेऊन खरेदी करावा. तबल्याच्या तोंडाचा व्यास जितका लहान तितका त्याचा स्वर चढा. काळी एकच्या (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या) स्वरासाठी साधारण साडेपाच इंचांचे तोंड घेतात. खोड, म्हणजे तबल्याचे लाकडी अंग, हातात घेऊन वजन पाहावे. हलके, पोकळ वाटणारे खोड टिकाऊ नाद देत नाही. त्यानंतर गजऱ्याच्या कडेने एकेका घरावर (वादीच्या दोन पदरांमधल्या जागेवर) ‘ना’ वाजवत पूर्ण फेरी मारावी. तबल्याला अशी १६ घरे असतात आणि सर्व घरांवर स्वर एकच यायला हवा. थोडा फरक हातोडीने काढता येतो, पण एका बाजूला नादच बद्द असेल तर पुडीत दोष आहे असे समजावे. शाईवर बोट फिरवून तिचे कण सुटत नाहीत ना, हेही पाहावे.

तबला मिळवताना स्वर चढवायचा असेल तर गजऱ्यावर वरून खाली आणि उतरवायचा असेल तर खालून वर हातोडीने हलके ठोके देतात. मोठा फरक हवा असेल तर गठ्ठे खाली-वर सरकवतात. एका घरावर ठोका दिला की त्याच्या समोरच्या घरालाही द्यावा, नाहीतर ताण एकीकडे ओढला जातो. मोबाइलवर स्वर दाखवणारी सुई असते, तिच्यावर सुरुवातीला विसंबू नये. ती तंबोऱ्याच्या षड्जात तबला विरघळला की नाही हे सांगत नाही, आणि शिकायचे असते ते तेच.

कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात पुडी सैल पडते, स्वर उतरतो. अशा वेळी गठ्ठे खाली सरकवत राहण्यापेक्षा वाद्य कोरड्या जागी, जाड खोळीत ठेवणे चांगले. उन्हात ठेवून लगेच वाजवू नये. हाताला घाम येत असेल तर थोडी पावडर लावावी, पण शाईवर ती साचू देऊ नये. पुडी बदलण्याचे काम तबले दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडेच द्यावे.

ज्यांना ढोल-ताशा पथकात जायचे आहे त्यांनी वाद्याच्या जोडीला कानाचीही काळजी घ्यावी. कामाच्या ठिकाणासाठी तज्ज्ञ सुचवतात ती मर्यादा ८५ डेसिबलला ८ तास अशी आहे आणि आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते, असा त्यांचा हिशेब असतो. भोवती अनेक ढोल घुमत असताना ही मर्यादा कितीतरी मागे पडते. कानात बोळे घालून वाजवणाऱ्याला ताशाची लय अधिक स्पष्ट ऐकू येते, हा अनेकांना नवा वाटणारा अनुभव आहे. कान सुन्न झाले की पथक लयीतून घसरते, कारण ढोलांना चालवतो तो ताशाच. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागातील मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ रात्र धरली जाते. सणांच्या मोजक्या दिवसांसाठी शासन सवलत देते. सरावाची जागा ठरवताना हे आधी पाहून घ्यावे.

सहावी पायरी : संगीताबाहेर

आघाताचा नाद दूरवर पोचतो आणि त्याची सुरुवात टोकदार असते, म्हणून निरोपासाठी त्याचा उपयोग सर्वत्र झाला. पश्चिम आफ्रिकेतील योरुबा लोकांच्या भाषेत स्वरांच्या चढउतारांनी अर्थ बदलतो. दोऱ्या आवळून ताण बदलता येणारे त्यांचे ढोल तेच चढउतार वाजवून वाक्ये ‘बोलतात’. आपल्याकडे दवंडी देणारा आधी वाद्य वाजवून माणसे थांबवी आणि मग मजकूर सांगे. तळाला भोक असलेले घटिकापात्र पाण्यात बुडाले की टोल पडे आणि २४ मिनिटांची घटका सरल्याचे गावाला कळे. कोल्हापूरकडच्या कुस्तीच्या मैदानात आजही हलगी कडाडते आणि डाव रंगू लागला की तिची लयही चढते. पाठ फिरवून बसलेल्या प्रेक्षकालाही कुस्ती कुठवर आली आहे याचा अंदाज येतो.

वैद्यकातील उपयोग याहून सूक्ष्म आहे. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे १७२२ मध्ये जन्मलेले डॉक्टर लिओपोल्ड आउएनब्रुगर हे एका सराईमालकाचे पुत्र. पिंपात दारू कुठवर आहे हे वडील पिंप ठोकून ओळखत, ते पाहून त्यांना कल्पना सुचली असे सांगितले जाते. व्हिएन्नाच्या रुग्णालयात त्यांनी रुग्णांची छाती बोटांनी ठोकून आवाजांच्या नोंदी केल्या आणि १७६१ मध्ये त्या छोट्या लॅटिन ग्रंथात प्रसिद्ध केल्या. निरोगी छातीचा आवाज जाड लोकरी कापडाने झाकलेल्या ढोलासारखा असतो, असे त्यांनी लिहिले. समकालीनांनी फारसे लक्ष दिले नाही. १८०८ मध्ये फ्रान्सचे डॉक्टर कोर्विझार यांनी त्या ग्रंथाचे भाषांतर केले तेव्हा ही पद्धत युरोपभर पसरली, आणि पुढच्याच वर्षी आउएनब्रुगर वारले. ते संगीताचे जाणकार होते आणि संगीतकार सालिएरीच्या एका संगीतिकेची संहिता त्यांनी लिहिली होती, हे कळल्यावर त्यांच्या कानाचे रहस्य उलगडते.

आज डॉक्टर डाव्या हाताचे मधले बोट छातीवर सपाट टेकवतात आणि उजव्या हाताच्या वाकवलेल्या मधल्या बोटाने त्यावर ठोका देतात. हालचाल मनगटातून होते आणि ठोका देणारे बोट तत्काळ उचलले जाते, कारण ते राहिले तर नाद तिथेच दबतो. डाव्या हाताचे टेकलेले बोट आणि उजव्याचे उठणारे बोट हे ‘ना’ शिकलेल्या वाचकाला अनोळखी वाटू नये. स्वतःवर करून पाहायला हरकत नाही : आधी मांडीवर ठोकून बद्द आवाज ऐकावा, मग उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली ठोकून फुप्फुसाचा घुमारा ऐकावा आणि बोट हळूहळू खाली आणत, जिथे यकृत सुरू होते तिथे आवाज कसा बदलतो ते पाहावे. जठरात हवा असेल तर डाव्या बाजूला बरगड्यांच्या खालच्या कडेपाशी तिसराच, ढोलासारखा आवाज मिळतो. हा केवळ कानाचा अभ्यास आहे. आवाज वेगळा वाटला म्हणून स्वतःचे निदान करू नये, तसेच न वाटला म्हणून खोकला अंगावर काढू नये. गुडघ्याखाली रबरी हातोडीने ठोकण्याची तपासणी निराळी. १८७५ मध्ये एर्ब आणि वेस्टफाल यांनी स्वतंत्रपणे वर्णन केलेल्या या पद्धतीत आवाज ऐकायचा नसतो, पाय किती झटक्याने उडतो ते पाहायचे असते.

बांधकामावर हाच अभ्यास रोजच्या कामाचा आहे. नवी फरशी बसल्यावर मसाला सर्वत्र पोचला की नाही हे वरून दिसत नाही. माल वाळल्यावर एखादे लाकडी दांडके किंवा जाड नाणे घेऊन प्रत्येक फरशीच्या मध्यावर आणि चारही कोपऱ्यांवर एकसारखे हलके टोले द्यावेत. खाली माल भरलेला असेल तर आवाज भरीव आणि तुटक येतो. पोकळी असेल तर तो मोठा, घुमणारा येतो. माठाच्या बाबतीत खणखणाट चांगला आणि बद्दपणा वाईट होता, इथे ते उलट आहे, म्हणून आधी पक्क्या बसलेल्या चार-दोन फरश्या वाजवून कान जुळवून घ्यावा. संशय आलेल्या जागी खडूने खूण करावी. एका कोपऱ्यात नाण्याएवढी पोकळी असेल तर ती सहसा त्रास देत नाही, पण ओळीने तीन-चार फरश्यांच्या कडा पोकळ वाजत असतील किंवा जड सामान येणाऱ्या जागी, विशेषतः स्वयंपाकघराच्या ओट्यासमोर आणि दाराच्या उंबऱ्याशी तसे आढळले, तर शेवटचे पैसे देण्याआधी गवंड्याला बोलावून त्याच्यासमोर पुन्हा वाजवून दाखवावे.